तारीख गेलेली पाच तिकिटं

वॉटर पार्कचं न वापरलेलं तिकीट तारीख गेली की मरतं का, हा प्रश्न परत आल्यापासून गावातल्या निम्म्या बायांनी मला विचारला आहे. उरलेल्या निम्म्या विचारत नाहीत, कारण त्या दिवशी गोंदियात काय झालं त्याची माझ्यासोबत आलेल्या रुखमानं सांगितलेली आवृत्ती त्यांना जास्त आवडली आहे. तिच्या गोष्टीत मी मॅनेजरची कॉलर धरली होती. मी कोणाची कॉलर धरली नाही. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते, आणि ज्यांनी अर्जुनीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी वाटेतलंही थोडं लिहिते.

अर्जुनी मोरगावपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. मी माला, गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार, कॉलेजचे प्रवेश, धानविक्रीची नोंदणी, सगळ्या गावाचे फॉर्म मीच भरते. बारीक अक्षर वाचणं हाच माझा धंदा. सही करण्याआधी दोनदा वाचा म्हणून मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना दटावते. आणि ही पाच तिकिटं मोबाइलवर काढताना मी स्वतः एक ओळसुद्धा वाचली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिकिटं काढायची कल्पना सेवंताकाकीची. ती माझी चुलत सासू, साठी ओलांडलेली. एकदा दुकानाच्या पायरीवर बसलेली असताना तिनं माझ्या मोबाइलवर एक बाई पाहिली. बाई निळ्या पाण्यात उताणी पडली होती.

"हे का करून राहिली?" काकीनं विचारलं.

"काही नाही. पडली आहे."

"पान्यात? अन काम?"

"काम काही नाही, काकी."

काकीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "मले असं एक डाव पडून पायचं हाय."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. दहाव्या वर्षापासून काकी पाण्यात उभी आहे. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, इटियाडोह धरणाचं पाणी आलं की उन्हाळी धानाची पुन्हा रोवणी. पाण्यात गेली ती वाकूनच, बाहेर आली तीही वाकूनच. गावच्या तळ्यात पडून पाहायला काय हरकत, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं आमच्या गावात आठ दिवस राहून दाखवावं. साठीची बाई भरदिवसा तळ्यात उताणी पडली तर गावाला वर्षभर दुसरा विषय लागणार नाही. त्यात या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला बजावलं की आता वाकायचं नाही, रोवणी बंद. म्हणजे पाण्याशी तिचा संबंधच संपला. तो असा संपू द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं.

न झालेला प्रवास

मे महिन्यातल्या एका रविवारी जायचं ठरलं. काकी, मी, रुखमा आणि मंदा-छबू या दोघी जावा. सकाळी जीप दारात उभी. काकी पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. रुखमानं नवीन पातळ नेसलं होतं, पाण्यात जायचं आहे हे विसरून.

आणि पश्चिमेकडून आभाळ आलं.

उन्हाळी धान कापला की दोन-तीन दिवस तो बांधीत, म्हणजे भातखाचरात, तसाच पसरून वाळू देतात. त्या पसरलेल्या धानाला आम्ही कडपा म्हणतो. कडपांवर पाणी पडलं की दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, वर्षाची मेहनत गेली. म्हणून आमच्याकडे रीत आहे. कडपा पडल्या असताना आभाळ आलं की ज्याच्या बांधीत कडपा असतील त्याच्याकडे सगळ्यांनी धावायचं. बोलावणं लागत नाही. भांडण आहे का, जात कोणती, गेल्या वर्षी तो आपल्याकडे आला होता का, काही विचारायचं नाही.

त्या दिवशी कडपा होत्या काकीच्या दिराच्या बांधीत. या दिराशी काकी पंधरा वर्षं बोललेली नाही. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं होतं, ते तसंच राहिलं. जीपमधून पहिली कोण उतरली? काकी. पिशवी सीटवर ठेवली, पदर खोचला आणि चालायला लागली. आम्ही चौघी तिच्यामागे. पेंढ्या बांधून, उचलून, रचून पुंजणं, म्हणजे धानाची गंजी, झाकेपर्यंत दुपार झाली आणि मग जे वादळ सुटलं त्यात आमच्या शाळेचे दोन पत्रे उडाले. धान वाचला. दिरानं पाण्याचा तांब्या पुढे केला. काकी पाणी प्यायली, बोलली मात्र नाही.

सोमवारी मी तारीख बदलून घ्यायला मोबाइल उघडला आणि तेव्हा ती ओळ वाचली. 'तिकीट फक्त निवडलेल्या तारखेलाच वैध.' तारीख बदलायची असेल तर दोन दिवस आधी कळवायचं. आभाळ दोन दिवस आधी कळवून येत नाही, हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. मी फोन लावला तर यंत्र बोललं आणि बोलून बंद झालं.

संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर मी चौघींना सांगितलं की तिकिटांची मुदत संपली. मला वाटलं होतं त्या हळहळतील. त्यांना खरंच वाटेना.

"तिकीट का वांगे हायत, नासाले?" रुखमा म्हणाली.

काकीनं शांतपणे विचारलं, "आपन त्यायचं पानी घेतलं का?"

"नाही."

"मंग पानी तिथंच असन ना? जाऊन घेऊ."

ही चूक आमच्याच गावची माणसं करू शकतात, म्हणून तिच्यामागचं कारण सांगते. आमचं तळं आमच्याच पूर्वजांनी खोदलं. त्याचं पाणी बारीबारीनं शेतांना सुटतं. एखाद्याची बारी हुकली, घरात मयत झाली, बाळंतपण निघालं, अंगात ताप आला, तर त्याचं पाणी बुडत नाही. उलट पुढच्या फेरीत पहिलं पाणी त्याला. ज्याची हुकली तो रांगेत शेवटी जात नाही, पुढे येतो. या हिशेबात वाढलेल्या बाईला 'हुकलं म्हणजे गेलं' हे समजावून सांगणं कठीण आहे. मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा करताना माझ्या लक्षात आलं की मी उगाच पार्कवाल्यांची वकिली करते आहे. मग मी म्हणाले, चला.

अर्जुनी ते गोंदिया

गेलो ते ऐन नवतप्यात. ज्येष्ठात सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवस विदर्भ भट्टीत असतो. शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत. आम्ही प्रत्येकीनं कमरेला कांदा खोचला, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला आणि पहाटेच अर्जुनीच्या स्टेशनावर येऊन बसलो. या वेळी जीप नव्हती. जीपवाल्याचं म्हणणं, मेलेल्या तिकिटासाठी गाडी कोण काढतो.

बल्लारशाहहून येणारी गाडी रिकामीच होती. अर्जुनी सोडली की थोड्या वेळात जंगल लागतं आणि नवतप्यातही हवेचा वास बदलतो. साग पार निष्पर्ण झालेला, जमिनीवर मोठमोठी वाळकी पानं. मधल्या मोकळ्या जागी तेंदूपत्त्याचे पुडे उन्हात ओळीनं मांडलेले दिसले. बायाच मांडत होत्या, बायाच उलटत होत्या. रुखमा खिडकीतून ओरडली, "बाप्पा, सावलीत बसा वो जरा!" त्यांच्यातल्या एकीनं हात हलवला. ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

सौंदडच्या पुढे डबे उघडले. मंदानं लाखोरीच्या डाळीचे वडे आणले होते, छबूनं कैरीचा तक्कू. समोरच्या बाकावर गोंदियाचं एक जोडपं होतं. त्यांनी आमचे वडे घेतले आणि आम्हाला बिस्किटं दिली. कुठे निघालात म्हणून विचारलं. मी सांगितलं. नवरा हसला. "दीदी, वो लोग अंदर नहीं लेंगे. तारीख निकली तो निकली."

"आमी आत जाऊ," काकी त्याला म्हणाली, "तुमी वडे खा."

गोंदिया हे आमचं जिल्ह्याचं गाव, पण स्टेशनाबाहेर पडलं की आपण दुसऱ्याच राज्यात आल्यासारखं वाटतं. रिक्षावाला हिंदी, दुकानदार हिंदी, भिंतीवरच्या पाट्यासुद्धा निम्म्या हिंदी. मी मराठीत विचारते, ते हिंदीत सांगतात, दोघांचंही काही अडत नाही. आमच्याकडे रिक्षात बसताना 'का जी, कुठचे?' ही चौकशी आधी होते. इथे रिक्षावाल्यानं फक्त विचारलं, "कितने लोग?" पाच जणी एका रिक्षात बसलो. काकी माझ्या मांडीवर जवळजवळ, आणि रुखमाचा एक पाय बाहेर. कामठ्याच्या वाटेला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना उन्हानं तडकलेल्या बांध्या होत्या आणि त्यांच्यामध्येच एकदम पिवळ्या-निळ्या घसरगुंड्या उभ्या दिसल्या. आमच्यासारख्याच कोणाच्या तरी बांध्या असणार त्या, आधी.

फाटक

खिडकीत एक मुलगी होती, विशीची असेल. तिनं माझ्या मोबाइलवरची तिकिटं पाहिली, पुन्हा पाहिली. "मैडम, ये तो एक्सपायर हो गए."

"का म्हंते?" काकी.

"म्हणते, तिकीट मेलं."

"कोनं मारलं?"

मुलीला हसू आलं, ते तिनं दाबलं. नवीन तिकिटं काढा म्हणाली. मी म्हणाले, नाही काढणार. तिनं मॅनेजरला बोलावलं. बरा माणूस होता. पांढरा शर्ट, घामाघूम, हातात वॉकीटॉकी. त्यानं समजावलं की ही पॉलिसी आहे, सगळीकडे अशीच असते, तारीख गेली की तिकीट बाद. पण आपण लांबून आलात तर अर्ध्या दरात पाच तिकिटं देतो.

मी काही बोलणार त्याआधी काकी पुढे झाली. "साहेब, आमच्या गावात ज्याची बारी हुकते त्याले पयलं पानी भेटते."

"अम्मा, ये तालाब नहीं है. बिज़नेस है."

"पानी तं पानीच हाय ना?"

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं, मदतीच्या आशेनं. ती त्याला मिळाली नाही. मी सांगितलं, अर्धा दर नको, कारण आम्ही सवलत मागायला आलेलो नाही. जे आमचं आहे ते घ्यायला आलो आहोत. तो म्हणाला, फिर मैं कुछ नहीं कर सकता. मी म्हणाले, मग आम्ही बसतो.

रांगेच्या बाजूला पत्र्याची शेड होती. तिथे आम्ही पाचही जणी फतकल मारून बसलो. उरलेले वडे काढले. मंदा-छबू रिकाम्या बाटल्या भरून आणायला गेल्या आणि रुखमानं आपलं काम सुरू केलं. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिकिटाच्या खिडकीकडे जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती प्रेमानं म्हणायची, "बाई, तारीख पायजा हं. पोराले ताप आला, घरी पावना आला, तं तिकीट मरते इथं." बस, एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. बालाघाटकडचं एक कुटुंब थांबलं. बाईनं नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं खिडकीत विचारलं. मागच्या माणसानंही विचारलं. खिडकीतली मुलगी प्रत्येकाला तेच सांगत राहिली आणि रांग पुढे सरकेना. उन्हात उभी असलेली माणसं चिडायला लागली, आमच्यावर नव्हे.

मी मात्र शेडमध्ये बसून ते केलं जे तीन आठवड्यांपूर्वी करायला हवं होतं. तिकिटाखालचे सगळे नियम पहिल्या ओळीपासून वाचले. बाहेरचे पदार्थ नकोत, दागिने हरवल्यास जबाबदारी नाही, सुती कपडे घालून पाण्यात उतरायचं नाही. खाली खाली जात शेवटच्या आधीच्या ओळीवर थांबले. वादळ-पावसामुळे पार्क बंद ठेवावा लागल्यास तिकीट त्या हंगामात दुसऱ्या कोणत्याही दिवशी चालेल.

मी उठले आणि खिडकीशी गेले. मॅनेजर तिथेच होता. मी मुलीला विचारलं, "त्या रविवारी तुमच्याकडे वादळ आलं होतं का गं?"

तिनं मॅनेजरकडे न बघताच सांगून टाकलं. "बहुत आँधी आई थी ना, मैडम. दोपहर में सबको बाहर निकाला था. उधर का होर्डिंग भी गिर गया."

"सुबह तो चालू था," मॅनेजर घाईनं म्हणाला.

"तिकीट सकाळचं आहे की पूर्ण दिवसाचं?" मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. "वाचा."

त्यानं वाचलं. मग बाजूला जाऊन कोणाला तरी फोन केला. बराच वेळ बोलला, मध्येच शेडकडे पाहत. रुखमा त्या वेळी एका शाळेच्या सरांना नियम समजावून सांगत होती. परत येऊन तो म्हणाला, "ठीक है. लेकिन आज ही. और पाँच बजे बंद, मतलब पाँच बजे."

शेडमध्ये बसून बसून तेव्हा तीन वाजून गेले होते. पूर्ण दिवसाच्या तिकिटावर दोन तास! मी भांडणार होते, तोंड उघडलंही होतं. पण काकी फाटकातून आत गेलेली होती.

इथे एक सांगून ठेवते. ज्या आभाळानं आम्हाला बांधीत नेलं त्याच आभाळानं पार्कही बंद पाडला होता, म्हणून आम्ही नियमानं जिंकलो. लोक माझं कौतुक करतात की मालानं काय नेमकं कलम काढलं. मला त्याचा फारसा आनंद नाही. ते कलम नसतं तर आम्ही खोट्या ठरलो असतो का? पाणी आम्ही घेतलं नव्हतं, पार्कवाल्यांचं थेंबभर खर्ची पडलं नव्हतं. कलम नसतं तर आम्ही तिथेच बसून राहिलो असतो, दुसऱ्या दिवशीही गेलो असतो. ज्यानं नियम लिहिला त्याच्याच सोयीचा तो असतो, हे मी रोज फॉर्म भरताना बघते आणि मान डोलावते. आता मान डोलावणार नाही.

पाणी

आत आणखी एक अडचण होती. सुती लुगडं चालत नाही, नायलॉनचे कपडे घ्यावे लागतात. काकीच्या वाट्याला गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि हिरवा टीशर्ट आला, त्यावर हसरा मासा. ती खोलीतून बाहेरच येईना. रुखमा आपला निळा टीशर्ट घालून आली आणि आरशात स्वतःला बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिचं हसणं ऐकून काकी बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता, म्हणून तिनं दुपट्टा घेतला. पाय बारीक, पोटऱ्यांवर शिरा, टाचांना वर्षानुवर्षांच्या चिखलाच्या भेगा. ते पाय मी कधी पाहिले नव्हते.

कृत्रिम लाटांचं मोठं तळं होतं. कडेला पाणी घोट्याएवढं. काकी पाण्यात उतरली, चार पावलं गेली आणि वाकली. उजवा हात आपोआप पाण्यात गेला, बोटांत पऱ्ह्याची, धानाच्या रोपाची, काडी धरल्यासारखा. आम्ही सगळ्याच हसलो, तीही हसली. मग मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

"काकी, वाकायचं नाही. पडायचं आहे."

"कशी पडू वो? भेव लागते."

मी तिच्या मानेखाली एक हात दिला, मंदानं कमरेखाली. काकीनं आधी माझा दंड घट्ट धरला, नखं रुतली. पहिल्यांदा ती बसलीच. दुसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं आणि तिनं पार्कवाल्यांना, मला आणि मोबाइलवरच्या त्या बाईला मिळून एक सणसणीत शिवी हासडली. तिसऱ्यांदा मानेचं वजन माझ्या तळहातावर आलं. पाय हळूहळू वर आले. दुपट्टा सुटून बाजूला तरंगायला लागला. मंदानं हात काढला, मग थोड्या वेळानं मीही काढला.

काकी पडली होती. डोळे उघडे, हात दोन्ही बाजूंना. लाट आली की थोडी वर, गेली की थोडी खाली. किती वेळ ते मला माहीत नाही. छबू आणि रुखमा घसरगुंडीवर गेल्या, पाच वेळा घसरून आल्या. मी काकीजवळ उभी राहिले.

पाच वाजले. शिट्टी वाजली. माणसं बाहेर पडायला लागली. लाटा बंद झाल्या. लाल टीशर्टवाला रखवालदार काठावरून ओरडला, "टाइम हो गया! अम्मा, उठिए!" शिट्टी पुन्हा वाजली, मग जवळ येऊन वाजली. काकी हलली नाही. मी त्याच्या आणि तिच्या मधे जाऊन उभी राहिले. काही वेळानं शिट्टी तोंडातून काढून तो काठावर बसला. अख्ख्या तळ्यात आम्ही दोघीच उरलो होतो. तिला हवं तेव्हा ती उठली, दुपट्टा पिळला आणि चालायला लागली.

परतीच्या गाडीत केस वाळवत ती खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, "काकी, कान पाण्यात होते ना, म्हणून तुम्हाला शिट्टी ऐकू आली नसेल."

"आली ना आयकू," काकी म्हणाली. "चांगली तीनदा आली. जल्मभर कोनी हाक मारली का उठली मी. आज नाई उठली."